राजा कुठं जात नाही

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टीव्हीसमोर बसून एका म्हातारीची माफी मागत होते. म्हातारी टीव्हीतली होती. काकांच्या हातातल्या रिमोटमुळे पडद्यावरचा घोडेस्वार तिच्या टोपल्यांवर जाऊन आदळला होता, कोबीचे गड्डे रस्ताभर घरंगळत होते आणि काका मनापासून म्हणत होते, "चुकनं माय, हात ऐकत नही."

मी सुरतेच्या नवागामात खोली बघायला आले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पडद्यावरचे कोबी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग एकच प्रश्न विचारला, इंग्रजी वाचता येतं का? मी म्हटलं, येतं. त्यांनी लगेच बायकोला हाक मारली आणि वरच्या खोलीची किल्ली आणायला सांगितलं. माझं गाव कुठलं, नोकरी कुठं, लग्न झालंय का, हे सगळं नंतर काकूंनी विचारलं. काकांना फक्त ती म्हातारी काय म्हणतेय ते कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

मी हिंगोली जिल्ह्यातली. सुरतेला पंचिंगच्या कामासाठी आले होते. पंचिंग म्हणजे साडीवर मशीनने जी भरतकामाची नक्षी पडते, ती आधी कॉम्प्युटरवर टाका टाका करून काढायची. काका मूळचे धुळ्याकडचे. सगळी उमर त्यांनी पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्यात घालवली होती. कलर मास्तर होते ते. गिऱ्हाइकाने चिंधीएवढा तुकडा आणून दिला की बरोबर तीच छटा शेकडो मीटर कापडावर उतरवून द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन वर्षही झालं नसेल, तोच लकव्याचा हलका झटका आला. पाय बराचसा सुधारला, पण डावा हात जड राहिला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बोटं सतत हलती ठेवायला सांगितली. रबराचा चेंडू दाबायचा त्यांना कंटाळा यायचा. तेव्हा पुण्याच्या भाच्याने त्याचा जुना गेमचा डबा आणून टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाला, मामा, यानं दोन्ही अंगठे हलतील.

अंगठे हलले. पण भाच्याच्या कल्पनेबाहेरचंही काही झालं. काकांना तिथं एक पूर्ण मुलूख सापडला.

त्या गेममध्ये एक मोठं राज्य होतं. डोंगर, नद्या, बाजार, देवळं, चोरांच्या गुहा. गडावर म्हातारा राजा विषबाधेने अंथरुणाला खिळलेला. उत्तरेच्या बर्फातून एक मुळी आणून त्याला वाचवायचं, हे आपल्या स्वाराचं मुख्य काम. हे पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकतात, राजाची मुलगी डोळ्यांत पाणी आणून घाई करायला सांगते, आणि मग तुम्हाला त्या मोकळ्या मुलखात सोडून देतात. जायचं तिकडं जा. वाटेत शेकडो माणसं भेटतात आणि प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं असतं. ती कामं केली तरी चालतात, नाही केली तरी चालतात.

काकांनी एकही सोडलं नाही. मी राहायला आले तेव्हा त्यांना खेळायला लागून आठ महिने झाले होते आणि स्वार अजून गडापासून दोन गावं पुढे सरकला नव्हता. त्यांच्याजवळ शाळेची एक दोनशे पानी वही होती. तिच्यात नावं नसत, कारण इंग्रजी नावं त्यांना लागत नसत. तिच्यात असं लिहिलेलं असे: लाल पागोटेवाला म्हातारा, बोकड हरवला. नदीवरची परटीण, अंगठी. लंगडा लोहार, मुलीशी बोलत नाही, मध्ये पडायचं. काम झालं की ते एक बारीक रेघ मारायचे, पण खोडायचे नाहीत. खोडलं तर माणूस विसरतो, असं म्हणायचे.

गेममध्ये एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झटक्यात पोचायची सोय असते. नकाशावर बोट ठेवायचं की पोचलात. मी ती त्यांना दाखवली तेव्हा त्यांना माझी थोडी कीव आलेली मला दिसली. मधल्या माणसांचं काय मग, असं त्यांनी विचारलं. ते चालतच जात. घोडा असूनही बहुतेक वेळा चालत, कारण डाव्या अंगठ्याने घोडा वळायचा नाही आणि कुणाच्या तरी अंगावर जायचा. एखादं माणूस बोलायला लागलं की ते रिमोट मांडीवर ठेवत आणि मी भाषांतर करेपर्यंत त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसत. मग म्हणत, सांग त्याला, येतो म्हणून. मी बटण दाबून 'हो' म्हणायची.

रंगांवरून मात्र ते गेमवाल्यांवर नाराज असत. कोणाच्या अंगरख्याचा निळा धुतला की जाईल, कोणता हिरवा दोनदा बुडवलेला दिसतो, हे सांगत. एकदा त्या मुलखात सूर्य मावळत होता. सगळं आकाश पेटलेलं. मी नक्षी काढणारी, मला ते फार आवडलं. काका डोळे बारीक करून म्हणाले, पिवळा थोडा जास्त पडला, मी असतो तर माल परत पाठवला असता.

काकू स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असत. त्यांना त्या आजारी राजाची खरीच काळजी लागली होती. भाकरी थापता थापता त्या अहिराणीत म्हणायच्या, "तो राजा मरी जाई ना. आठ महिना व्हयनात त्याले झोपेल. आन तुम्ही बोकड शोधी राहिनात."

काका हसायचे. राजा मरत नाही, हे त्यांना खेळता खेळता उमजलं होतं. मुलगी कितीही घाई करू दे, वैद्य कितीही मान हलवू दे, तुम्ही मुळी घेऊन जाईपर्यंत तो तसाच निजलेला राहतो. वर्षाने गेलात तरी वैद्य तेच वाक्य म्हणणार. काका काकूंना समजावत, "अगं, तो राजा कुठं जात नाही. त्याला माझ्यासाठीच झोपवून ठेवलाय. बारकी कामं मात्र आजची आज केलेली बरी."

हे वाक्य त्यांनी गेममधून घेतलं की गेममध्ये नेलं, मला सांगता येणार नाही. कारण गेम नसतानाही ते तसेच होते.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातली, काही आमच्या मराठवाड्याकडची, दोन-तीन विदर्भातली. माणसं कापडाच्या लूमवर नाहीतर बांधकामावर. वीस वीस वर्षं सुरतेत राहून गुजराती बोलायला सगळ्यांना येई, पण वाचायला फार थोड्यांना. काका मात्र मिलमध्ये रंगाच्या पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता गुजराती लिहायला-वाचायला शिकले होते. त्यामुळे सकाळपासून त्यांच्या फाटकाशी कुणीतरी कागद घेऊन उभं असे. शाळेचा दाखला, गॅसची जोडणी, दवाखान्याची फाइल. काका कागद वाचून दाखवत, भरून देत आणि एवढ्यावर न थांबता चपला घालून त्या माणसाबरोबर कचेरीतही जात. दही आणायला गेलेले काका दोन तासांनी दह्याशिवाय परत आलेले मी कितीदा पाहिलेत. चेहरा मात्र असा प्रसन्न असायचा की काकू दुसऱ्या कुणाला तरी दही आणायला पाठवत.

मी त्यांच्या अगदी उलट. घरून निघताना मी ठरवून आले होते: तीन वर्षं काम शिकायचं, मग स्वतःचं सुरू करायचं. शेजारी कोण राहतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. काकांचा तोच गेम मी माझ्या कॉम्प्युटरवर घातला आणि अकरा दिवसांत संपवला. मुळी आणली, राजाला दिली, राजा उठून बसला. मोठ्या अभिमानाने मी काकांना शेवट दाखवायला वर बोलावलं. ते म्हणाले, राजाचं सांगू नको, मला बघायचाय, पण तुझा दरबार दाखव.

शेवटी दरबार भरतो आणि स्वाराने ज्यांची कामं केली असतील ती माणसं त्याला भेटायला येतात, हे भाच्याने त्यांना सांगून ठेवलं होतं. माझ्या दरबारात चौघं होती. तेवढी तर वाटेत टाळता येत नाहीत म्हणून झालेली. एवढा मोठा दगडी महाल, आणि त्यात चार माणसं टाळ्या वाजवत होती. काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. "एवढीच?" त्यांनी विचारलं. मग नदीवरची परटीण कुठंय म्हणून विचारलं. कोणती परटीण, मी म्हटलं. त्यांना वाटलं होतं, एकाच मुलखातून गेलो म्हणजे आम्हाला तीच माणसं भेटली असतील.

त्यानंतर मी रविवारी दुपारी खाली जाऊन त्यांच्या शेजारी बसायला लागले, आणि हळूहळू गल्लीतल्या बायांची नावंही मला कळायला लागली.

पण एक गोष्ट मला तेव्हाच दिसत होती आणि मी तिच्याबद्दल बोलले नाही. काकू चहा घेऊन आल्या की कप ठेवण्याआधी डाव्या हाताने टेबलाची कड चाचपत. पायरी उतरताना पाय थोडा जास्त पुढे टाकत. टीव्हीवर काय चाललंय ते मला विचारत. मला वाटायचं, त्यांना गेम समजत नाही म्हणून विचारतात.

मोतीबिंदूचं निदान होऊन दोन वर्षं होत आली होती, हे मला काकूंनीच एकदा हसत हसत सांगितलं. डोळ्यांच्या दवाखान्यात जायला दोघं एकदा निघालेही होते. वाटेत उधना स्टेशनाजवळ त्यांना नंदुरबारकडचा एक माणूस भेटला. बायकोला कुठल्या दवाखान्यात भरती केलंय तेच त्याला सापडत नव्हतं. चिठ्ठी गुजरातीत. काकांनी काकूंना एका मेडिकलच्या दुकानासमोर बाकावर बसवलं आणि त्या माणसाला घेऊन गेले. बायको सापडेपर्यंत तीन तास गेले. काकू बाकावर बसून होत्या, दुकानदाराने त्यांना पाणी दिलं. काका परत आले तेव्हा डोळ्यांचा दवाखाना बंद झाला होता. ती बाई कशी सापडली, नवराबायको कसे रडले, हे काकांनी त्यांना घरी येईपर्यंत सांगितलं. काकूंनाही ऐकून बरं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी दुसरं काही निघालं.

हे ऐकूनही मी गप्प बसले. नवराबायकोच्या मधलं आहे, आपण भाडेकरू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते माझं काम नव्हतं, आणि माझं नसलेलं काम मी तेव्हा करत नसे.

दुसरा गेम मीच आणून दिला. ऑफिसातल्या एका मुलीच्या भावाकडे पडून होता. पहिल्यासारखाच मोकळा मुलूख, तसाच घोडा, तसाच बाजार. काका खूश झाले, वहीत नवीन पान काढलं. पहिल्याच गावात तापाची साथ होती. एका कोष्ट्याची बायको अंथरुणावर पडलेली, आणि तो हात जोडून काढा आणायला सांगत होता. काढ्याच्या झाडपाल्याची यादी मी वाचून दाखवली. काका म्हणाले, सांग त्याला, येतो. मी 'हो' दाबलं आणि कामावर गेले.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी मला खालून हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. मी गेले तर ते टीव्हीपासून मागे सरकून बसले होते. यात काहीतरी बिघाड आहे, बघ, असं म्हणाले. पडद्यावर कोष्ट्याचं घर होतं. दार बंद. मागच्या अंगणात ओल्या मातीचा एक ढीग. स्वाराजवळ काढा तयार होता. काकांनी सगळा पाला जमवला होता. फक्त जाता जाता एका मेंढपाळाचं कुत्रं, एका विधवेचं कुंपण आणि दोन भावांचं भांडण, एवढं त्यांनी उरकलं होतं.

शेजारीण उभी होती. मी तिच्याशी बोलायचं बटण दाबलं आणि तिचं वाक्य वाचलं. तिसऱ्या दिवशी गेली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं ती म्हणत होती.

"काका, बिघाड नाही," मी म्हटलं. "या गेममध्ये दिवस मोजतात."

"आधीच्यात मोजत नव्हते?"

"नाही."

त्यांनी वही मांडीवर घेतली, कोष्ट्याच्या ओळीवर पेन धरला आणि तसाच ठेवला. इतक्यात काकू चहा घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी हाताने टेबलाची कड शोधली. काकांच्या मागे सरकण्यामुळे टेबल हललं होतं. हात हवेत फिरला, पुन्हा फिरला, आणि कप त्यांनी कडेच्या बाहेर ठेवला. तो फरशीवर पडून फुटला. मी काचा गोळा करायला वाकले. काका जागचे हलले नाहीत. ते काकूंच्या हाताकडे बघत होते. तो हात अजूनही टेबल शोधत होता.

"कवयपशी?" त्यांनी विचारलं. केव्हापासून.

काकूंनी आधी कळलं नसल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, दोन दिवाळ्या झाल्या असतील. डाव्याने तर आता उजेडच तेवढा कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, कारण फॉर्म भरायला ते समर्थ असले तरी त्या दिवशी त्यांना एकटं सोडवेना. फाटकाशी दोन माणसं कागद घेऊन उभी होती. काकांनी त्यांच्याकडे न बघता काकूंना रिक्षात बसवलं. चौकात सिग्नलला कुणीतरी त्यांना नावाने हाक मारली, मास्तर, ओ मास्तर. काका समोर बघत राहिले. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. ओळखीच्या माणसाच्या हाकेला ओ न देणं त्यांना किती जड जात होतं, ते मी शेजारी बसून पाहिलं. काकू मात्र पदर सावरत विचारत होत्या, कोण व्हतं हो?

डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्याचं ऑपरेशन केलं की छान दिसेल, असं म्हणाल्या. डाव्यात मोतीबिंदू फार पिकून आतला दाब वाढला होता आणि मागच्या नसेला इजा झाली होती. तोही काढू, पण गेलेलं सगळं परत येणार नाही. आधी आणलं असतं तर, एवढंच त्या बोलल्या आणि वाक्य सोडून दिलं.

काकूंना आत रक्त तपासायला नेलं तेव्हा काका आणि मी बाहेर बसलो होतो. समोरच्या बाईला गुजराती फॉर्म कळत नव्हता. ती इकडेतिकडे बघत होती. काकांना ती दिसत होती आणि ते उठत नव्हते. शेवटी मी उठून तिला फॉर्म भरून दिला. मला गुजराती अर्धवटच येत होतं, पण भरला. परत येऊन बसले तेव्हा काका खाली बघत म्हणाले,

"मला वाटलं, ही तर घरातच आहे."

ते खोटं नव्हतं. बाहेरचा प्रत्येक माणूस त्यांना आज भेटला तर उद्या भेटेलच असं नव्हतं, म्हणून ते त्याच्यामागे गेले. काकू रोज तिथंच होत्या, भाकरी थापत.

उजवा डोळा सुरेख आला. पट्टी सोडली तेव्हा काकूंनी पहिल्यांदा काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, किती पिकलात हो तुम्ही. महिन्याने डावा केला. तो जेमतेम अर्धा आला. त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंना कळलं. त्यांनी ताट त्यांच्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, "तुमले दखाले एक डोया पुरे." मग स्वतःच इतक्या हसल्या की डॉक्टरीण बाईंनी हसू नका, टाके नाहीत पण जपा, असं सांगितलंय याची मी त्यांना आठवण करून दिली.

ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा डोळ्यात औषधाचे थेंब घालायचे होते. काकांनी ते काम कुणाला करू दिलं नाही. उजव्या हाताने बाटली धरायची आणि डाव्या, जड हाताने पापणी खाली ओढायची. त्या हाताने एवढं नाजूक काम त्यांनी झटका आल्यापासून केलं नव्हतं. पण पापणी ओढताना तो हात थरथरत नसे. गिऱ्हाइकाच्या तुकड्याशी रंग जुळवताना ते मिलमध्ये कसे उभे राहत असतील, ते मला तेव्हा कळलं.

मात्र डाव्या डोळ्यानंतर त्यांनी बाकी सगळं बंद केलं. टीव्हीवर कापड घातलं. फाटकाशी आलेल्याला ते आतूनच सांगत, आज नाही. दहा-बारा दिवस असे गेले. माणसं यायची कमी झाली. काका दिवसभर खुर्ची घेऊन काकूंसमोर बसत आणि त्यांचा डोळा बघत. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या की हा माणूस असाच बसून राहिला तर मला वेड लागेल, अंगावर कुणी पाहुणा बसल्यासारखं वाटतं.

मग एका शनिवारी दुपारी फाटक वाजलं. मी खालीच होते. चौथ्या घरातली बाई, तिचा नवरा लूमवर कामाला, हातात कसलासा कागद घेऊन उभी होती. मुलीच्या शाळेतून आला होता आणि आजच उत्तर द्यायचं होतं. काकांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, आज नाही. ती बाई वळली.

काकूंनी काळा चष्मा काढला आणि काकांकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी, जेवढं दिसत होतं तेवढं.

"जा," त्या म्हणाल्या. "चारले थेंब शे. चारना आत या."

काका हलेनात. काकूंनी हात लांब करून, या वेळी कुठंही न चाचपता, खुर्चीखालच्या त्यांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायांसमोर ठेवल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, चपला घातल्या आणि निघाले. फाटकापाशी पोचेपर्यंत त्यांच्या पाठीत बाक होता. गल्लीत उतरल्यावर तो गेला.

काकू आणि मी ओट्यावर बसलो. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. काकू मला रस्त्यावरून कोण चाललंय ते सांगत होत्या. मी विचारलं नव्हतं, त्यांना सांगायची हौस आली होती. कुणाच्या साडीचा काठ काय रंगाचा, कोण वाळत घातलेलं काढायचं विसरलं. पावणेचार झाले तसं मीच वळून वळून गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागले. मी बाटली आणून हात धुऊन तयार राहू का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, बस, काही गरज नाही.

चाराला पाच मिनिटं असताना काका कोपऱ्यावर दिसले. दुखरा पाय ओढत, जवळजवळ पळत येत होते. इतके दिवस त्यांना घरात पाहून गप्प बसलेली गल्ली त्यांच्यामागे लागली होती. एक जण फाइल हलवत होता, एक म्हातारी चिठ्ठी दाखवत होती, तिसरा नुसताच हाका मारत होता. काका मागे न बघता, बोटं उंच करून त्या सगळ्यांना सांगत होते, "साडेचारला. साडेचारला या सगळे." आणि फाटक ढकलून आत येता येताच त्यांनी हात धुवायला बाह्या वर सारल्या.